मंदीत सरकारनं हात सैल का सोडायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. मंदीची बातमी आली की मागोमाग सरकारी मदतीच्या ‘पॅकेज’ची बातमी येते, आणि वर्गात, लग्नाच्या पंगतीत, एसटीत शेजारी बसलेल्या माणसाकडून मला तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथं एकत्र लिहिली आहेत. उदाहरणं मुख्यतः भारतातली आहेत. त्यातलं एक माझ्या घरातलं आहे आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मंदी म्हणजे नक्की काय?

पुस्तकी व्याख्या अशी की सलग दोन तिमाही देशाचं उत्पन्न घटलं तर ती मंदी. व्यवहारात त्याआधीच ती ओळखू येते. दुकानात माल आहे, कारखान्यात यंत्रं आहेत, नाक्यावर कामाला तयार माणसं उभी आहेत, आणि तरी गिऱ्हाईक नाही. हात रिकामे आणि गोदामं भरलेली, असं एकाच वेळी दिसलं की समजावं, अडचण मालाची नाही, मागणीची आहे.

घरात उत्पन्न घटलं की आपण हात आखडता घेतो. सरकारनं उलटं का वागायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो रास्त आहे.

२००८च्या दिवाळीनंतरचे दिवस पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या लोकांना आठवत असतील. १५ सप्टेंबरला अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली आणि दोन-तीन महिन्यांत इकडे ट्रक आणि गाड्यांची मागणी आटली. मोठ्या वाहन कारखान्यांनी काही काही दिवस उत्पादन थांबवलं. मग त्यांना सुटे भाग देणाऱ्या भोसरीतल्या लेथवाल्याच्या ऑर्डरी गेल्या. त्यानं ओव्हरटाइम बंद केला, कंत्राटी पोरांना घरी बसवलं. ती पोरं ज्या मेसमध्ये जेवायची तिथली ताटं कमी झाली, आणि मेसवाल्या मावशींनी भाजीवाल्याकडून निम्मी भाजी घ्यायला सुरुवात केली. यातल्या प्रत्येकानं स्वतःपुरता शहाणपणाच केला होता. पण एकाचा खर्च ही दुसऱ्याची कमाई असते. सगळ्यांनी एकदम खर्च कापला की सगळ्यांची कमाई एकदम घटते, आणि ज्या बचतीसाठी हात आखडला ती बचतही पदरात पडत नाही.

ही गोष्ट नीट मांडली ती ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी, १९३६ साली. त्या वेळी जग महामंदीतून जात होतं; १९३३मध्ये अमेरिकेत साधारण चारातला एक कामगार बेकार होता. केन्स यांचं म्हणणं थोडक्यात असं, की घर, दुकान, कारखाना सगळे हात आखडून बसले असताना उलट्या दिशेनं जाऊ शकेल असा एकच मोठा खर्च करणारा उरतो, तो म्हणजे सरकार. त्यानंही हात आखडला तर विहिरीतलं उरलंसुरलं पाणीही उपसल्यासारखं होतं.

सरकार हा पैसा आणतं कुठून? नोटा छापतं का?

बहुतेक वेळा कर्ज काढतं. केंद्र सरकार रोखे विकतं. ते बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी विकत घेतात. म्हणजे आपलाच साठवलेला पैसा फिरून सरकारकडे जातो. एके काळी सरकारला कमी पडलं की रिझर्व्ह बँक जवळपास आपोआप पैसे पुरवायची. ती सोय १९९७ साली बंद झाली. २००३च्या राजकोषीय उत्तरदायित्व कायद्यानं पुढचं पाऊल टाकलं आणि २००६पासून रिझर्व्ह बँकेला, काही अपवाद सोडता, सरकारचे रोखे थेट सरकारकडून घ्यायला मनाई झाली. बाजारातून ती घेऊ शकते आणि घेतेही.

सरकारनंच सगळं कर्ज उचललं तर उद्योगांना काय उरणार?

तेजीत ही भीती खरी ठरते. मंदीत सहसा नाही, कारण तेव्हा कर्ज मागायला कुणी येत नसतं आणि बँकाही द्यायला घाबरतात. २०२०च्या मे महिन्याच्या सुरुवातीला देशातल्या बँकांनी ८ लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम रिझर्व्ह बँकेकडे नुसती ठेवायला दिली होती. रिझर्व्ह बँकेनं तोवर रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, ५.१५ टक्क्यांवरून ४.४० केला होता, मेच्या अखेरीस तो ४ टक्क्यांवर आला. पैसा स्वस्त होता, पडून होता, घ्यायला मात्र कुणी नव्हतं. लेथवाल्याला ऑर्डरच नसेल तर ७ टक्क्यांनी काय आणि ५ टक्क्यांनी काय, तो नवं यंत्र कशाला घेईल?

‘गुणक’ म्हणजे काय?

सरकारनं घातलेल्या एका रुपयातून देशाचं उत्पन्न शेवटी किती रुपयांनी वाढतं, ते मोजणारा आकडा.

समजा, रस्त्याच्या कामावरच्या बाईला आठवड्याची मजुरी मिळाली. ती पहिल्यांदा काय करते? बरेच जण म्हणतील, बाजार करते. मी तालुक्याच्या बाजारपेठेत वाढलोय, तिथं जे पाहिलं ते वेगळं आहे. ती आधी किराणा दुकानातली उधारी फेडते. दुकानदार लाल वहीत तिच्या नावापुढच्या रकमेवर रेघ मारतो. शहरातले काही जण यावर म्हणतात की पैसा जुन्या कर्जात गेला, नवी खरेदी कुठं झाली? पण त्या रेघेमुळं दुकानदार मोंढ्यात जाऊन आडत्याची बाकी चुकवतो आणि आडत्या त्याला पुन्हा माल देतो. मंदीत बाजार गोठतो तो अशा वह्यांमध्ये. वही हलली की बाजार हलतो.

मात्र प्रत्येक टप्प्यावर थोडी गळती असते. काही पैसा बचतीत जातो, काही करात, आणि पेट्रोल किंवा मोबाइलवर खर्च झालेला बराचसा परदेशात जातो. म्हणून पैसा कुणाच्या हातात पडतो यावर गुणक ठरतो. ज्याच्या घरात डब्यात पीठ नाही तो मिळालेला रुपया त्याच आठवड्यात खर्चतो. ज्याचं पोट भरलेलं आहे तो मुदत ठेवीत टाकतो.

भारतासाठी राष्ट्रीय सार्वजनिक वित्त व धोरण संस्थेच्या अभ्यासकांनी काढलेले आकडे नेहमी सांगितले जातात: भांडवली खर्चाचा, म्हणजे रस्ते-पुलांसारख्या टिकाऊ कामांवरच्या खर्चाचा, गुणक २.४५, थेट दिलेल्या मदतीचा ०.९८.

मग सगळा पैसा रस्ते, पूल, धरणांवरच घालायचा?

वरचे आकडे पाहून तसं वाटेल. मला ते पटत नाही, आणि कारण साधं आहे. गुणकाच्या आकड्यात उशीर दिसत नाही.

मोठा पूल कागदावर मंजूर झाला म्हणजे मजुराच्या हातात पैसा गेला असं होत नाही. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, भूसंपादन, कधी वनखात्याची परवानगी, मग वर्क ऑर्डर. यात दीड-दोन वर्षं सहज जातात. तोवर मंदी एक तर संपलेली असते नाही तर मुरलेली असते. याउलट जुन्या शाळांची छपरं, तलावातला गाळ, रस्त्यांची दुरुस्ती ही कामं महिन्याभरात सुरू होतात आणि त्यांच्या खर्चात मजुरीचा वाटाही मोठा असतो.

रोजगार हमीच्या भाषेत एक शब्द रुळलेला आहे: कामं ‘शेल्फवर’ असणं. मोजमापं झालेली, अंदाजपत्रक तयार, मान्यता घेतलेली, फक्त सुरू करायची बाकी. ज्या जिल्ह्याच्या शेल्फवर कामं आहेत तिथं मंदीतला पैसा धावतो. नाहीत तिथं तो मार्च अखेरीला परत जातो. मंदीची तयारी सुकाळातच करायची असते ती अशी.

लोकांना काम देऊन मंदी हटवल्याचं आपल्याकडचं उदाहरण आहे का?

आहे, आणि ते महाराष्ट्रातलं आहे. १९७२चा दुष्काळ.

आधीची दोन वर्षंही अनेक तालुक्यांत पावसानं ओढ दिली होती. १९७२ला त्यानं पार पाठ फिरवली. दुष्काळ म्हटलं की धान्य नसणं डोळ्यांपुढं येतं. पण शेतमजुराच्या दृष्टीनं आधी संपते ती मजुरी. पेरणी नाही म्हणजे खुरपणी नाही, काढणी नाही, मळणी नाही. बाजारात ज्वारी असली तरी ती घ्यायला पैसा नाही. ही मंदीच होती, फक्त शिवारातली.

सरकारनं दुष्काळी कामं काढली. मे १९७३मध्ये या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग, खडी फोडणं. मराठवाड्यातल्या आमच्या गावातून माझी आजीही जायची. बसायला बारदान, हातात हातोडी, आणि कपची उडून डोळ्यात जाऊ नये म्हणून पदर भुवयांपर्यंत ओढलेला. फोडलेली खडी लाकडी पेटीनं मापून घेत, त्यावर मजुरी. पोरांना कामावर सुकडी, म्हणजे तयार पौष्टिक खाऊ, मिळायची. आजीचं घर लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरीवर जगलं. ती भाकरी कुणाला आवडली नाही, पण ती मागून आणलेली नव्हती, हे आजी आम्हाला दरवेळी सांगायची. तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख शेवटपर्यंत वाकडं होतं.

अर्थशास्त्राच्या नजरेनं यातली मोठी गोष्ट अशी, की मजुरी रोख होती. रोख मजुरी मिळाली म्हणून आठवड्याचे बाजार बंद पडले नाहीत. बाजार चालू म्हणून व्यापाऱ्यानं धान्य आणलं. रेशनच्या धान्याची जोड होतीच, पण खरेदी करायची ताकद लोकांच्या हातात राहिली म्हणून धान्य त्यांच्यापर्यंत ओढलं गेलं. इतका भयंकर दुष्काळ पडूनही मोठ्या प्रमाणावर भूकबळी गेले नाहीत, त्यात या कामांचा वाटा फार मोठा आहे.

याच काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ‘मागेल त्याला काम’ ही कल्पना पुढं रेटली होती. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी आधी ती करून पाहिली. दुष्काळानंतर ती राज्यभराची योजना झाली, १९७७ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. देशाचा रोजगार हमी कायदा २००५ साली झाला, त्याचं मूळ इथं आहे.

मंदीविरोधी खर्च म्हणून या योजनेचा एक गुण मला अजोड वाटतो. कुणी मंदी जाहीर करायची वाट पाहावी लागत नाही. काम मागणारे वाढले की खर्च आपोआप वाढतो, शेतात मजुरी मिळायला लागली की लोक स्वतःहून कामावर यायचे थांबतात आणि खर्च आपोआप उतरतो.

त्याआधी सरकारं दुष्काळात काय करत होती?

इंग्रजी अमलातही दुष्काळी कामं होती, पण वृत्ती उलटी होती. १८७६-७८च्या दुष्काळात इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी खर्च वाचवण्यासाठी मजुरी इतकी कापली की ती दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ रक्कम एवढ्यावर आली. मुंबई इलाख्यात त्याविरुद्ध दुष्काळी कामावरच्या हजारो मजुरांनी काम सोडलं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काकांनी, त्यांची बाजू सरकारकडे मांडली. त्या दुष्काळात दख्खनभर माणसं मेली. तिजोरी वाचवायला निघालेल्या सरकारनं काय गमावलं, हे मी वर्गात १९७२च्या शेजारी ठेवून शिकवतो.

खड्डे खणून पुन्हा बुजवले तरी चालतं, असं केन्स म्हणाले होते ना?

त्यांनी बाटल्यांत नोटा भरून जुन्या खाणींत पुरायचं आणि लोकांना त्या उकरू द्यायचं उदाहरण दिलं होतं. पण लगेच पुढं असंही म्हटलं होतं की घरं वगैरे बांधणं अधिक शहाणपणाचं. काहीच न करण्यापेक्षा मात्र तेही बरं. पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ असतो.

खर्च वाढवण्याऐवजी कर कमी केला तर?

तोही मार्ग आहे आणि लवकर लागू होतो, रात्रीत अधिसूचना निघते. पण पुन्हा तोच प्रश्न: सवलत कुणाच्या हातात पडते? सप्टेंबर २०१९मध्ये मागणी मंदावलेली असताना केंद्रानं कंपनी कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला. सरकारच्याच अंदाजानं त्यात वर्षाला १.४५ लाख कोटी रुपयांचा महसूल सोडला. कंपन्यांचे ताळेबंद सुधारले. पण गिऱ्हाईकच कमी असताना नवा कारखाना उभारायला त्यांना घाई नव्हती. तेवढी रक्कम त्या वर्षी गावोगावच्या कामांवर गेली असती तर मागणी लवकर उठली असती, असं माझं मत आहे.

२००८-०९चं पॅकेज लागू पडलं का?

मागणी उठवायला, हो. केंद्रानं ७ डिसेंबर २००८, २ जानेवारी २००९ आणि २४ फेब्रुवारी २००९ अशी तीन पावलं टाकली. उत्पादन शुल्क आधी ४ टक्क्यांनी उतरवलं, मग सर्वसाधारण दर १०वरून ८वर आला. सेवा कर १२वरून १०वर. योजनांवर २० हजार कोटींपर्यंत जादा खर्चाची तरतूद झाली. दुसऱ्या पॅकेजात शहरांना सार्वजनिक वाहतुकीच्या बस घ्यायला एकवेळची मदत होती, आणि ही कल्पना मला आजही आवडते. शहराला बस मिळते, बस बांधणाऱ्या कारखान्याला ऑर्डर मिळते, आणि काम महिन्यांत होतं, वर्षांत नाही.

त्याखेरीज दोन मोठे खर्च मंदीसाठी नव्हते, पण नेमके तेव्हाच लोकांच्या हातात पडले: त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पातली शेतकरी कर्जमाफी आणि सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी. केंद्राची वित्तीय तूट, म्हणजे कर्ज काढून भागवावा लागणारा खर्च, २००७-०८मध्ये जीडीपीच्या (देशाच्या एकूण उत्पन्नाच्या) साधारण अडीच टक्के होती, ती २००९-१०मध्ये साडेसहाच्या घरात गेली. वाढीचा वेग वर्षभरातच सावरला.

चूक पुढं झाली. गाडी चढ चढून गेल्यावरही पाय ॲक्सिलरेटरवरून पुरता उचलला नाही. २०१०च्या अर्थसंकल्पात उत्पादन शुल्क ८वरून १० केलं, पण खर्च फारसा आवरला नाही. महागाई भडकली. मार्च २०१० ते ऑक्टोबर २०११ या काळात रिझर्व्ह बँकेला १३ वेळा व्याजदर वाढवावे लागले. २०१२-१३ला परदेशी व्यवहारातली चालू खात्याची तूट जीडीपीच्या ४.८ टक्क्यांवर गेली आणि २०१३त रुपया घसरला.

म्हणजे योग्य वेळी थांबणं अवघड असतं?

फार. आणि चूक दोन्हीकडं होते. अमेरिकेत १९३७ साली रूझवेल्ट सरकारला वाटलं, मंदी हटली, आता ताळेबंद जुळवू. खर्च कापला, कर वाढले, आणि देश पुन्हा खोल मंदीत गेला. तिथंच २०२१मध्ये उलट झालं. माल आणि माणसं दोन्ही अपुरी असताना १.९ लाख कोटी डॉलरचं पॅकेज आलं. साथीतली पुरवठ्याची खीळ आणि युक्रेन युद्धातलं इंधन यांची त्यात भर पडून जून २०२२मध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर पोचली.

ओळखायची खूण पुन्हा नाक्यावरच आहे. सकाळी दहानंतरही मजूर उभे असतील तर सरकारी खर्चानं काम वाढतं. नऊ वाजताच नाका रिकामा होत असेल तर तोच खर्च फक्त भाव वाढवतो.

२०२०चं २० लाख कोटींचं पॅकेज खरंच तेवढं होतं का?

आकडा खरा होता, पण तो सगळा सरकारी खर्च नव्हता. त्यात सुमारे ८ लाख कोटी रिझर्व्ह बँकेनं व्यवस्थेत उपलब्ध करून दिलेल्या पैशाचे होते. ३ लाख कोटी लघुउद्योगांच्या कर्जाला दिलेल्या हमीचे होते. हमी म्हणजे कर्ज बुडालं तरच सरकारचा खिसा हलतो. त्या वर्षी तिजोरीतून प्रत्यक्ष जादा जाणारी रक्कम बऱ्याच विश्लेषकांच्या अंदाजानं जीडीपीच्या एक-दीड टक्क्याच्या आसपास होती. आणि एप्रिल-जून २०२०मध्ये देशाचं उत्पन्न आदल्या वर्षीच्या तुलनेत जवळपास २४ टक्क्यांनी खाली गेलं होतं.

जे थेट पोचलं ते कामाला आलं. माणशी दरमहा ५ किलो मोफत धान्य, महिलांच्या जनधन खात्यात तीन महिने ५०० रुपये, आणि रोजगार हमीला ६१,५०० कोटींच्या वर आणखी ४०,००० कोटी. २०२०-२१मध्ये रोजगार हमीवर ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झालं, तोवरचं सर्वाधिक. पुण्या-मुंबईहून चालत गावी गेलेल्या माणसाला गावात काम मागायला एक जागा होती. शहरात मात्र अशी कुठलीच हमी नव्हती. नाका कामगार, घरकाम करणाऱ्या बाया, सलूनवाले यांना रोख रक्कम फार तोकडी मिळाली, आणि याचं मला आजही वाईट वाटतं. पुढच्या वर्षांत केंद्रानं भांडवली खर्च जोरात वाढवला, २०२१-२२च्या ५.५४ लाख कोटींच्या तरतुदीवरून २०२३-२४ला १० लाख कोटींपर्यंत. महामार्ग झाले, रेल्वे झाली. पण जिची मेस २०२०त बंद पडली तिला त्या वर्षी हवे होते ते काही हजार रुपये होते.

राज्य सरकार स्वतःचं पॅकेज का देत नाही?

त्याचे हात बांधलेले असतात. राज्याला कर्ज काढायची मर्यादा केंद्र ठरवून देतं, आणि मंदीत कर आटले की राज्यापुढं खर्च कापण्यावाचून मार्ग उरत नाही. ४ मे २०२०च्या शासन निर्णयानं महाराष्ट्रानं विकासकामांचा ६७ टक्के खर्च थांबवला. आरोग्यासारखी खाती वगळून उरलेल्यांना तरतुदीच्या ३३ टक्केच पैसे, नवीन कामं नाहीत, नवी भरती नाही. देशातल्या एकूण सरकारी खर्चातला निम्म्याहून मोठा वाटा राज्यांचा असतो. म्हणजे केंद्र एका नळानं पाणी सोडत असताना राज्यांचे नळ बंद होत होते. नंतर कर्जाची मर्यादा राज्य उत्पन्नाच्या ३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांपर्यंत नेली, पण अटी घालून. आणि ऑक्टोबर २०२०पासून राज्यांना भांडवली कामांसाठी ५० वर्षांच्या बिनव्याजी कर्जाची सोय झाली, सुरुवातीला १२ हजार कोटींची. ही सोय चांगली आहे. ती मेमध्येच हवी होती.

हे कर्ज पुढच्या पिढीच्या डोक्यावर बसत नाही का?

बसतं. केंद्राच्या अर्थसंकल्पातला जवळपास पाव हिस्सा आज व्याजातच जातो, त्यामुळं हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. पण पुढच्या पिढीकडं कर्जाबरोबर काय जातं, तेही पाहिलं पाहिजे. १९७३ला आजीच्या पिढीनं बांधलेल्या पाझर तलावाखालच्या विहिरींवर आमच्या गावात अजून रब्बीची ज्वारी निघते. आणि त्या वर्षी काहीच केलं नसतं तर? शेत विकलेलं, बैल विकलेले, पोरगं शाळेतून काढलेलं, हेही ओझं पुढच्याच पिढीवर जातं. ते कुठल्या खतावणीत लिहिलं जात नाही एवढंच.

भ्रष्टाचाराचं काय?

होतो. खोटी नावं मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, चढतात, न झालेल्या कामाची मोजमापं लिहिली जातात. गावसभेत मस्टर मोठ्यानं वाचणं हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय, कारण कोण कामावर होतं हे गावाला पक्कं ठाऊक असतं.

पण चोरीइतकंच नुकसान उशिरा पैसे देण्यानं होतं, आणि त्यावर फार कमी बोललं जातं. माझा चुलतभाऊ सेंट्रिंगची छोटी कामं घेतो. एका सरकारी कामाचं त्याचं बिल दीड वर्ष अडकलं. कागदावर तो खर्च ‘मंजूर’ होता, म्हणजे सरकारच्या हिशेबात अर्थव्यवस्थेला चालना मिळून गेली होती. प्रत्यक्षात वहिनीच्या पाटल्या गहाण ठेवून त्यानं मजुरांचे पगार केले. मंदीत सरकारला नवं काही सुचत नसेल तर आधी थकलेली सगळी बिलं एका महिन्यात चुकती करावीत. याला ना निविदा लागते ना भूसंपादन.

माझ्या पगारातून कापला जाणारा ‘व्यवसाय कर’ कशासाठी आहे?

हा प्रश्न विद्यार्थी पहिली पगाराची स्लिप हातात आली की फोन करून विचारतात. महाराष्ट्रात हा कर १९७५च्या कायद्यानं आला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या नोकरदारानं आणि व्यावसायिकानं थोडा भार उचलायचा, राज्यानं आपल्या तिजोरीतून तेवढीच भर घालायची, आणि त्यातून गावातल्या माणसाला काम द्यायचं, अशी ती रचना होती. मंदीत खर्च करायचा पैसा आधीपासून बाजूला काढून ठेवायची इतकी सरळ व्यवस्था मला दुसरीकडं दिसलेली नाही. आज पुरुषांना महिना १० हजारांच्या वर आणि महिलांना २५ हजारांच्या वर पगार असेल तर दरमहा २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे होतात २५००, कारण राज्यघटनेनं या कराला तेवढीच मर्यादा घातली आहे.